बावखलाचं पाणी

“म्हणजे सभेपेक्षा लग्न मोठं, असंच ना, फादर?”

सिल्वेस्टरचा आवाज एवढा चढला होता की अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या चार पावलं लांब गेल्या.

फादर बर्नाबस जागचे हलले नाहीत. पुढ्यातल्या सुपात सोललेली राजेळी केळी वाळत पडली होती, ती ते एकेक करून उलटी करत होते. आठवडाभर अशी उलटापालट केली की त्यांची सुकेळी होतात. या कामाला घाई चालत नाही, आणि फादरांना घाईचं तसंही वावडं होतं. एक्क्याऐंशी वर्षांचे होते. निवृत्त होऊन चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचे.

“मोठं काय ते तू सांग,” ते म्हणाले. “गणिताचा मास्तर तू.”

“मग ऐका. माझी सभा शनिवारी पाच वाजता. रेजिना आजीच्या नातीचं, स्नेहलचं उंबराचं पाणी, तेही शनिवारी पाच वाजता. सगळं गाव त्यांच्या मांडवात जाणार. तुम्ही आजीला एक शब्द सांगा. दुपारी आटपून घ्या म्हणावं. बँड नको म्हणावं. आजी फक्त तुमचं ऐकते.”

“आजी कुणाचंच ऐकत नाही. मी तिच्या मनातलं बोलतो, म्हणून तसं वाटतं.”

सिल्वेस्टर हसला नाही. हसणं त्याने जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

त्याला तसं कारणही होतं. वसईकडच्या वाड्यांमधून गोड्या पाण्याची लहानलहान तळी असतात, त्यांना बावखल म्हणतात. जुन्या माणसांनी ती हाताने खोदली. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, आजूबाजूच्या विहिरी जिवंत राहायच्या, केळी आणि पानवेली तरारून यायच्या. त्यांच्या भुईआळीचं बावखल आता बुजवायचं घाटत होतं. कुणीतरी तसा अर्ज केला होता, आणि अर्जातलं एकच वाक्य महत्त्वाचं होतं: सदर बावखल वापरात नाही. शनिवारी पाच वाजता अधिकारी पाहायला येणार होता. ‘खरं आहे’ एवढं त्याने लिहिलं की सोमवारपासून मातीचे डंपर सुरू.

सिल्वेस्टर हा बावखल बचाव समितीचा अध्यक्ष. चौदा महिने या माणसाने निवेदनं लिहिली, कचेऱ्यांचे जिने झिजवले, दर महिन्याला सभा घेतली. पहिल्या सभेला दोनशे माणसं आली होती. गेल्या सभेला अकरा आली, त्यांतली दोन चप्पल शोधायला परत आली होती.

“सुकेळं घे,” फादर म्हणाले. “कालच्या उन्हात तयार झालंय.”

“गोड सोडलंय मी.”

“असं होय.”

“वाइन सोडली. लग्नाची जेवणं सोडली. आणि क्लॅरिनेट...” तो थांबला. “तुम्हाला माहीत आहे.”

फादरांनाच काय, सगळ्या गावाला माहीत होतं. सिल्वेस्टरसारखं क्लॅरिनेट त्या पंचक्रोशीत कुणी वाजवत नसे. चौदा महिन्यांपूर्वी तो संत अंतोनीच्या पुतळ्यासमोर, भरल्या चर्चमध्ये नवस बोलला होता: बावखल वाचेपर्यंत क्लॅरिनेट तोंडाला लावणार नाही. त्या दिवशी बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते.

“सोडलेल्याची यादी पाठ आहे तुझी,” फादर म्हणाले. “धरलंयस काय?”

“बावखल.”

“हं...”

फादरांनी सूप बाजूला सरकवलं.

“अधिकारी काय विचारणार?”

“हे पाणी कोण वापरतं, असं.”

“कोण वापरतं?”

“गाव.”

“गावातलं कोण?”

सिल्वेस्टरने खिशातलं निवेदन चाचपलं.

“तू वापरतोस?”

“आमच्या घरी नळ आहे, फादर.”

“शेवटचा कधी उतरलास त्यात?”

“...दहावीत असेन.”

“आणि सभेला जमता तेव्हा?”

“काठावर उभे राहतो. प्रार्थना म्हणतो. निवेदन वाचतो. घोषणा देतो.”

“पाण्याला हात?”

“हात कशाला लावायचा? शेवाळ आहे वर.”

फादरांनी बोटांचा चिकटा पुसला. मग अगदी हळू, दात दुखणाऱ्याला डॉक्टर विचारतो तसं, त्यांनी विचारलं:

“मग त्या अर्जात खोटं काय आहे, सिल्वेस्टर?”

...

सिल्वेस्टरला वाटलं, कुणी कानफटात दिली असती तरी चाललं असतं. चौदा महिन्यांचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, कागदांच्या फायली, उन्हातली वणवण, उपाशी काढलेले दिवस, आणि त्यात कुठेच पाण्याचा एक थेंब नव्हता. त्याला रागही आला आणि रडूही आलं. त्यातलं रडू त्याने गिळलं.

“मी तुमच्याकडे मदत मागायला आलो होतो.”

“दारामागे कळशी आहे,” फादर म्हणाले. “चहाची वेळ झाली. पाणी घेऊन ये.”

“नळ हा इथेच...”

“काना गावच्या लग्नात प्रभूने काय केलं?”

“पाण्याचा द्राक्षारस.”

“त्याच्या आधी?”

सिल्वेस्टरला आठवेना. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत तो दरवर्षी पहिला यायचा.

“त्याच्या आधी कुणीतरी रांजण भरले होते,” फादर म्हणाले. “त्या माणसांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत. जा, कळशी घे.”

बावखल पाच मिनिटांवर होतं. सिल्वेस्टर तणतणत गेला. म्हाताऱ्याला चळ लागलाय, असं तो मनात म्हणाला, आणि लगेच त्याने मनातच क्षमाही मागितली. चिऱ्याच्या पायऱ्या गवताने झाकल्या होत्या. दुसऱ्या पायरीवर त्याचा पाय सटकला आणि शाळेत घालायची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत हिरवी झाली. त्याने कळशीच्या बुडाने शेवाळ बाजूला सारलं.

खाली पाणी होतं. स्वच्छ. मे महिन्याच्या त्या काहिलीत ते इतकं गार लागलं की त्याचा हात क्षणभर तसाच आत राहिला.

आणि त्याला बाबा आठवले. बाबाही क्लॅरिनेट वाजवायचे. संध्याकाळी वाडीचं शिंपणं आटपलं की ते याच पायरीवर, पाय पाण्यात सोडून, रियाजाला बसायचे. पाण्यावरून सूर लांब जातो म्हणायचे. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका त्यांना फर्माईश करायच्या. सिल्वेस्टर तेव्हा गळ्याइतक्या पाण्यात उभा असायचा. हे सगळं आपण विसरलो कसे, ते त्याला कळेना. चौदा महिने या बावखलासाठी भांडताना ते एकदाही आठवलं नव्हतं.

त्याने कळशी भरली आणि खांद्यावर घेतली. सवय नसल्यामुळे निम्मं पाणी शर्टावर सांडलं.

फादरांनी पाणी दोनदा गाळलं, खळखळून उकळलं, त्यात आलं ठेचून टाकलं, साखर जरा जास्तच टाकली. दोन कप भरले. स्वतःचा कप तोंडाला लावून त्यांनी डोळे मिटले.

सिल्वेस्टर कपाकडे बघत बसला. गोड सोडलं होतं. मग त्याने कप उचलला आणि प्यायला.

“आता दोन माणसं वापरतात,” फादर म्हणाले.

...

उन्हं कलली तसा सिल्वेस्टर निघाला. कळशीत पाणी उरलं होतं.

“हे काय करू, फादर?”

“रेजिनाकडे दे. नवरीच्या आंघोळीला पाणी लागेलच की.”

उंबराचं पाणी म्हणजे तेच. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत आणायचं. बायका पुढे कळश्या घेऊन, मागे बँड, त्याच्या मागे सगळं गाव. एकेकाळी भुईआळीतल्या प्रत्येक नवरीचं पाणी बावखलावरून यायचं. मग नळ आले, आणि लोक मांडवाशेजारच्या नळाखालीच कळशी धरू लागले. नळाभोवती एक फेरी मारली की झालं उंबराचं पाणी.

गल्लीच्या वळणावर सिल्वेस्टर एकदम थांबला. चौदा महिने तो ज्या गर्दीला हाका मारत होता, ती गर्दी शनिवारी पाच वाजता आपण होऊन जमणार होती, आणि तो तिलाच घरी पाठवायला निघाला होता. एवढा शिकलेला माणूस, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तो रेजिना आजीच्या दारात गेला तेव्हा त्याला धाप लागली होती.

“आजी, स्नेहलचं पाणी बावखलावरून आणा.”

आजीने आधी त्याच्या हिरव्या पँटकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या कळशीकडे.

“माझं पाणी बावखलावरचंच होतं,” ती म्हणाली. “माझ्या सासूचंही. मला काय नको आहे? पण वाजवणार कोण? बँडचा क्लॅरिनेटवाला गेला आखातात. नुसता ढोल बडवत एवढ्या लांब जायचं, ती काय पाण्याची मिरवणूक? लोक म्हणतील, म्हातारीने नातीची दवंडी पिटली. क्लॅरिनेटवाला आण, मग सांग. नाहीतर आहे आपला नळ.”

एवढं बोलून तिने त्याच्या हातावर दोन अनारसे ठेवले आणि ती आत गेली.

शुक्रवारी चर्चमधली सकाळची मिस्सा संपल्याबरोबर सिल्वेस्टर फादरांच्या अंगणात हजर. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, ते तोंडावर दिसत होतं.

“फादर, मला नवसातून मोकळं करा.”

फादर सुकेळी केळीच्या सोपटात गुंडाळत होते. सुतळीचं एक टोक त्यांच्या दातांत होतं. ते काढून ते म्हणाले,

“मोडायचाय?”

“मोडायचा नाही. मोकळं व्हायचंय.”

“शिकलेला माणूस तू. फरक बरोबर शोधलास.”

“चौदा महिने पाळलाय, फादर. एक दिवस चुकलो नाही. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात सगळे पाया पडले, तरी वाजवलं नाही. गावात असा नवस कुणी पाळला नसेल.”

“सगळ्यांना ठाऊक आहे तो?”

“पोराटोरांनासुद्धा.”

“तुझ्याबद्दल काय बोलतात?”

सिल्वेस्टरने मान खाली घातली. पण त्याचे कान लाल झाले, आणि ते फादरांच्या नजरेतून सुटलं नाही.

“बोलतात... की सिल्वेस्टर म्हणजे शब्दाचा माणूस.”

“मग आता नीट सांग. हा नवस देवापाशी आहे की गावापाशी?”

...

चर्चच्या माळ्यावरची कबुतरं घुमत होती. फादरांनी आणखी एक पुडी बांधली.

“देवापाशी असेल तर सोपं आहे,” ते म्हणाले. “तो समजूतदार आहे. मी आत्ता प्रार्थना म्हणतो, दोन मिनिटांत तू मोकळा. पण गावापाशी ठेवलेला असेल, तर माझ्या हातात काही नाही. तो गावासमोरच मोडावा लागेल.”

“लोक हसतील, फादर.”

“हसतील.”

“म्हणतील, एवढा नवस बोलला आणि लग्नाच्या बँडपुढे नाचला.”

“म्हणतीलच. मीसुद्धा म्हणेन.”

“मग मी तोंड कुठे दाखवू?”

“क्लॅरिनेट तोंडात असलं की तोंडाचा प्रश्न राहत नाही,” फादर म्हणाले. “आणि हसायला तरी येतील. तुझ्या सभेला रडायलासुद्धा कुणी येत नव्हतं.”

सिल्वेस्टर उठला. त्याला फादरांचा मनापासून राग आला होता. फाटकापर्यंत गेला, परत आला.

“आणि देवाला वाईट वाटलं तर?”

या वेळी फादर हसले नाहीत. त्यांनी सुतळी खाली ठेवली.

“तुझे बाबा वाजवायचे, तेव्हा मी इथे नवीन होतो,” ते म्हणाले. “संध्याकाळची प्रार्थना म्हणताना खिडकीतून तो सूर यायचा. माझं चित्त प्रार्थनेवरून उडायचं. मी बिशपांना तसं सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, खिडकी लावू नकोस.”

शनिवार उजाडला. दुपारी सिल्वेस्टरने कपाटावरची पेटी काढली. क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पाती वाळून खडखडीत झाली होती. ती त्याने पाण्यात भिजत घातली. नळाच्या नव्हे, परवाच्या कळशीतलं थोडं त्याने तांब्यात ठेवलं होतं, त्या पाण्यात.

पाचला दहा मिनिटं कमी असताना तो रेजिना आजीच्या मांडवात शिरला आणि बोलण्याचा गलका एकदम थांबला. लोक त्याच्या हातातल्या क्लॅरिनेटकडे बघत होते. कुणीतरी मागून म्हणालं,

“काय मास्तर, वाचलं का बावखल?”

“नाही,” सिल्वेस्टर म्हणाला. “नाही वाचलं. नवस मोडतोय मी.”

त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं. चौदा महिन्यांनी जो पहिला सूर निघाला, तो मान पकडलेल्या बदकाचा होता.

आधी पोरं हसली, मग बायका, मग अख्खा मांडव. आजी तर खुर्चीचा हात धरून हसत होती. सिल्वेस्टरचं तोंड लालबुंद झालं. पळून जावंसं वाटलं. पण त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं, आणि हे त्याच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. कितीतरी दिवसांनी माणसं त्याच्याकडे घरातल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. मग तो स्वतःच हसला. हसू आवरल्यावर त्याने पाती ओली केली, दम घेतला, आणि बाबांची मिरवणुकीची चाल धरली.

ढोल लागला. कळश्या उठल्या.

गल्लीगल्लीतून माणसं बाहेर आली. पुढे स्नेहलच्या मावश्या आणि आजी, मागे सिल्वेस्टर, मागे ट्रंपेटवाले, त्यांच्या मागे घराला कुलूपसुद्धा न लावता निघालेली भुईआळी. वाडीच्या वाटेवर तर पाय ठेवायला जागा नव्हती.

अधिकारी बावखलाच्या काठावर वही घेऊन उभा होता. तरुण होता, घामाघूम झाला होता. त्याला वाटलं, मोर्चा आला. तो दोन पावलं मागे सरला.

बायका त्याच्या बाजूने सरळ पायऱ्या उतरल्या. लुगडी गुडघ्यापर्यंत खोचली, शेवाळ सारलं, कळश्या बुडवल्या. पोरं तर कपड्यांनिशीच पाण्यात गेली. कुणीतरी अधिकाऱ्याच्या हातात फादरांच्या सुकेळ्यांची पुडी दिली, दुसऱ्या कुणी सरबताचा पेला.

“आजी,” अधिकाऱ्याने जरा बिचकतच विचारलं, “हे पाणी तुम्ही वापरता?”

आजी गुडघाभर पाण्यात उभी होती.

“हे काय विचारणं झालं?” ती म्हणाली. “आमच्या पोरी काय नळाखाली नवऱ्या होतात?”

सिल्वेस्टरला हसू फुटलं आणि सूर पुन्हा बदकावर गेला.

अधिकाऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं. दोन ओळी असाव्यात. लिहिताना एक थेंब वहीवर पडला, तो त्याने शर्टाच्या बाहीने टिपला. मग वही मिटून तो म्हणाला, “वापर दिसतोय. तसं लिहिलंय मी.” आणि थोडं थांबून, “पुन्हा येईन पाहायला. न कळवता येईन.”

फादर बर्नाबस काठावर, कुणीतरी आणून दिलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. काठी गुडघ्यांत, पाय तालावर हलत होता.

मिरवणूक परत फिरली. क्लॅरिनेट काखेत धरून सिल्वेस्टर त्यांच्यापाशी आला. पोरांनी उडवलेल्या पाण्याने कपडे चिंब, ओठ सुजलेले. सुपारीएवढं झालेलं मन आता फुलून आलं होतं, आणि ते लपवायचं त्याला भान नव्हतं.

“फादर,” तो म्हणाला, “वाचलं ना हो आपलं बावखल?”

फादरांनी पाण्याकडे पाहिलं. ढवळलेलं पाणी हळूहळू निवळत होतं, आणि काठाचं शेवाळ पुन्हा आत सरकत होतं.

“उद्या सकाळी,” ते म्हणाले, “माझ्या चहाचं पाणी कोण आणणार आहे?”